उपरण्याखालचा अंगठा

जनावरांच्या व्यापाऱ्याला विश्वास परवडत नाही. समोरचा म्हणतो गाय दुसऱ्या वेताची आहे, आपण तोंड उघडून दात बघायचे. समोरचा म्हणतो बादलीभर दूध देते, आपण संध्याकाळपर्यंत त्याच्या गोठ्यात बसून समोर धार काढायला लावायची. यातच माझी हयात गेली. त्यामुळे भूत, भानामती, चकवा असलं काही कुणी सांगायला लागलं की मी एकच विचारतो — तू स्वतः बघितलं का? बहुतेक वेळा उत्तर येतं, "मी न्हाई, माझ्या मेव्हण्यानं." मग मी म्हणतो, मेव्हण्याला घेऊन ये.

आता माझ्यावरच पाळी आली आहे. आणि मला मेव्हण्याचं नाव सांगता येत नाही, कारण तिथं मी स्वतः होतो, माझी बायको होती, मुलगी होती. भर दुपार होती, लाईट होती, पंखा चालू होता. माणसांची नावं बदलली आहेत. गावं खरी आहेत. ज्याला पटेल त्यानं घ्यावं, ज्याला पटणार नाही त्यानं पुढच्या दावणीला जावं.

मी न्हावऱ्याचा. वडिलांनी मला दिलं ते फक्त उंची, बाकी काही नाही. लहानपणी लोकांची जनावरं या बाजारातून त्या बाजारात पायी हाकत न्यायचो. आज माझा स्वतःचा टेम्पो आहे, स्लॅबचं घर आहे, शिरूर आणि दौंड दोन्ही तालुक्यांत माझ्या शब्दावर गाय दावण बदलते. मुलगी पुण्यात पीएच.डी. करते. यातलं कुणी मला आंदण दिलेलं नाही. माझा स्वभाव तापट आहे असं लोक म्हणतात. म्हणोत. तापल्याशिवाय लोखंडसुद्धा वाकत नाही.

पुढचं कळायला आमच्या धंद्यातली एक पद्धत माहीत हवी. पूर्वी आमच्याकडे जनावराचा भाव तोंडानं बोलत नसत. दलाल मधे उभा राहायचा, हातांवर उपरणं टाकायचा. त्याखाली एका हातात विकणाऱ्याचा हात, दुसऱ्या हातात घेणाऱ्याचा. बोटं धरून आकडा सांगायचा. भोवती सगळा बाजार उभा असला तरी भाव कळायचा तो फक्त हातांना. हात काढून घेतला की सौदा मोडला. आता सगळे मोबाईलवर बोलतात, गाईचे व्हिडिओ पाठवतात. पण जुनी माणसं अजून उपरणं टाकतात. आणि या पद्धतीचा एक नियम आहे. तोंडानं वाटेल ते बोला, गाईला म्हैस म्हणा... पण उपरण्याखाली खोटं नाही. तिथं खोटं वागलेला माणूस परत बाजारात उभा राहत नाही.

मला हे शिकवलं कवठे येमाईच्या दगडूआप्पांनी. शिरूर-दौंडच्या बाजारातले ते मोठे दलाल. त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा अर्धाच होता. तरुणपणी बैल धरताना दावं अंगठ्याला गुंडाळलं, बैल बुजला आणि वरचं पेर दाव्याबरोबर गेलं. नख नाही, टोक खुंट्यासारखं गोल आणि निबर.

"दावं मुठीत धर, बोटाला गुंडाळू नगं," ते मला रोज सांगायचे. "माझ्याकडं बघ. ब्यांकेत अंगठा लावाया गेलो, तर सायब म्हणतो, बाकीचा कुठाय?"

मी त्यांच्याबरोबर फिरायला लागलो तेव्हा आमची एक खूण ठरली. मी घेणारा असलो आणि भाव अडला, की आप्पा त्या अर्ध्या अंगठ्यानं माझ्या तळहाताच्या मधोमध दाबायचे. एकदा. मग जरा थांबून परत एकदा. अर्थ असा — सोडू नको, अजून आहे त्यात, मालक उतरेल. आता तुम्ही म्हणाल, हे नियमात कसं बसतं? इशाऱ्याला आमच्याकडे खोटं म्हणत नाहीत. ही खूण आप्पांना माहीत आणि मला माहीत. बायकोलाही सांगितली नव्हती. धंद्याची गोष्ट बायकोला सांगितली की ती तिच्या माहेरी पोचते.

आता माझा राग. तो सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

दौंड तालुक्यातल्या एका बाजारात एक खिल्लार जोडी आली होती. पांढरीशुभ्र, शिंगं एका मापाची, चालायला लागली की एकाच बैलाची दोन अंगं वाटावीत अशी. तोपर्यंत मी दुसऱ्यांसाठी जनावरं घेत होतो. ही जोडी मी माझ्यासाठी घेणार होतो — माझ्या नावावरची पहिली. आप्पा मधे उभे राहिले, उपरणं टाकलं. भाव चढत गेला आणि एका जागी अडला. मालक उतरेना, मला चढता येईना. मी अंगठ्याची वाट बघत राहिलो. हाताला घाम सुटला. आप्पांचा अंगठा माझ्या तळहाताला टेकलेला होता, पण हलला नाही. मला वाटलं, संपलं. आप्पा म्हणतायत यात काही नाही. मी हात काढून घेतला.

आप्पांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. शेजारी भांडगावचे भाऊनाना उभे होते. आप्पांनी तेच उपरणं त्यांच्या हातावर ओढलं आणि सौदा करून टाकला. नंतर मला कळलं, मी जिथं अडलो होतो तिथंच मालक खाली येऊन बसला होता. म्हणजे मी एवढासा वेळ थांबलो असतो तर जोडी माझी होती. आणि हे आप्पांना माहीत नव्हतं असं मला कुणी सांगू नये. मालकाचा हात त्यांच्याच दुसऱ्या हातात होता!

मी तिथंच सगळ्यांसमोर त्यांना नको नको ते बोललो. त्यांनी उपरणं झटकलं, खांद्यावर टाकलं आणि एवढंच म्हणाले, "हात तू काढलास. मी न्हाई."

त्यानंतर मी त्यांच्याशी बोललो नाही. ती जोडी भांडगावात पोळ्याला मिरवायची आणि मी पोळ्याच्या दिवशी मुद्दाम त्या रस्त्यानं जात नसे. आप्पा काही वर्षांपूर्वी गेले. दहाव्याला मी गेलो, लांब उभा राहिलो, जेवलो नाही. पिंडाला कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, आप्पांची कसलीच इच्छा मागं राहिली नव्हती. मला याचाही राग आला. माझ्याशी असं वागून माणसाच्या मनात काहीच राहिलं नाही?

असो. आता मुलीकडे येतो.

पल्लवीचा विषय मी लोकांना सांगायला जातो तेव्हा लोक चहा मागवतात, कारण वेळ लागतो. ती ताऱ्यांवर काम करते. रात्री दुर्बिणीला डोळा लावून बसत असेल असं मला वाटायचं. तसं काही नाही. वर अंतराळात एक दुर्बीण फिरते, ती एक्स-रे टिपते, आणि ही भर दिवसा खुर्चीत बसून ते कॉम्प्युटरवर तपासते.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात ती घरी आली होती. मीही घरीच होतो, कारण माझ्या उजव्या अंगठ्याला टाके पडले होते. कसे पडले ते सांगायला लाज वाटते. टेम्पोतून कालवड उतरवत होतो, डाव्या हातात फोन, गिऱ्हाईक भावाला चिकटलेलं, आणि उजव्या हातातलं दावं मी अंगठ्याला गुंडाळून घेतलं. कालवडीनं हिसका दिला. हाड वाचलं. शिरूरच्या डॉक्टरांनी अंगठ्याला वांग्याएवढी पट्टी बांधली आणि म्हणाले, "पाण्यापासून आणि जनावरांपासून लांब राहा." मी म्हटलं, पाण्यापासून राहीन.

त्या दुपारी पल्लवी लॅपटॉप उघडून बसली होती आणि काहीच टाईप करत नव्हती. सकाळपासून जेवली नव्हती. माझी बायको सुमन समोर परातीत कुरडया निवडत होती. मोडक्या एका बाजूला, अख्ख्या एका बाजूला.

"काय झालंय हिला?" मी विचारलं.

"मला काय इचारता? तिला इचारा. तुमच्यावानीच हाय, विचारलं की अंगावर येती."

पल्लवीनं लॅपटॉप माझ्याकडं फिरवला. काळ्या पडद्यावर काही पांढरे ठिपके होते.

"माशा बसल्यात व्हय?"

"आण्णा, एकेक ठिपका म्हणजे एक्स-रेचा एकेक कण आहे. हा इथं मधे जो पुंजका दिसतो ना, तो मला सापडलाय. जुन्या निरीक्षणांत पडून होता, कुणाचं लक्ष गेलं नव्हतं."

"पुंजका? हाताच्या बोटांवर मावतंय की हे."

"तेवढेच आले. दुर्बीण दिवसभर तिकडं बघत होती, तेव्हा एवढे आले."

मग तिनं मला समजेल असं सांगितलं. आकाशात दक्षिणेकडं ताऱ्यांचा एक गोल गुच्छ आहे. लाखो तारे, सगळे म्हातारे, एकमेकांना खेटून. साध्या दुर्बिणीतून बघितलं तर भरलेल्या बाजारासारखं — कोण कुणाबरोबर आलंय कळत नाही. पण त्या गर्दीत काही जोड्या असतात. जोडीतला एक तारा मेलेला असतो, लहान आणि घट्ट. दुसरा जिवंत. मेलेला तारा जिवंत ताऱ्याचा वायू ओढून घेतो. तो वायू खाली पडताना इतका तापतो की त्यातून एक्स-रे निघतात. उजेडात ही जोडी गर्दीत हरवते, एक्स-रेमध्ये वेगळी दिसते.

"म्हणजे मेलेला दिसत न्हाई?" मी म्हटलं.

"तो नाही दिसत. त्याची ओढ दिसते."

"मेल्यावर बी सोडत न्हाई म्हण की."

"काही माणसं जित्तेपणीच सोडत न्हाईत," सुमन परातीकडं बघत म्हणाली. ते मला होतं.

अडचण अशी होती. त्या दुर्बिणीचा वेळ मागायला संध्याकाळपर्यंत अर्ज पाठवायचा होता. अर्ज एकाच ताऱ्यासाठी करता येणार होता. पल्लवीचे सर म्हणत होते, गुच्छातला एक ठळक स्रोत आहे, आधीच माहीत असलेला, तो घे. काम नक्की होईल, थिसिस पुरा होईल. तुझा पुसट पुंजका खरा असेलही, पण कदाचित कण योगायोगानं एका जागी पडले असतील. पावसाचे चार थेंब एकाच फरशीवर पडतात तसे. दुसऱ्यांदा बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. आणि दुसऱ्यांदा बघितलं आणि तिथं काही नसलं, तर पल्लवीची स्कॉलरशिप संपलेली आणि हातात काही नाही. सर म्हणाले होते, तू ठरव, मी दोन्हीवर सही करतो.

"म्हणजे बुडालं तर तू बुडवलं!" माझं डोकं फिरलं. "दे त्याचा नंबर."

"आण्णा, बसा."

"दे नंबर. मी विचारतो त्याला, मास्तर हाय का दलाल? दोन्हीवर सही करतो म्हणं!"

"आण्णा, हा बाजार नाही. आणि सर वाईट माणूस नाहीत."

"वाईट माणूस ओळखू येतो गं. ह्या चांगल्यांचंच अवघड असतं."

"तुम्ही असता तर काय केलं असतं?" तिनं विचारलं.

मी खरं तेच सांगितलं. "ठळक घे. दात बघून जनावर घ्यावं. जे दिसत न्हाई, आज तिथं हाय का न्हाई म्हाईत न्हाई, ज्याचा उजेड हजारो वर्षांमागं निघालाय म्हणतेस, त्याच्यावर वर्षाची बोली लावायची? येडी का काय?"

ती पडद्याकडं बघत बसली. मान हलवेना, नाहीही म्हणेना. ही मुलगी लहानपणापासून अशीच आहे. तोंडानं कधी कळू देत नाही.

म्हणून मला ते सुचलं. गिऱ्हाईकाला स्वतःचं मन कळत नसलं की आम्ही हाताला विचारतो. तोंड खोटं बोलतं, हात बोलत नाही. मी खुर्ची पुढं ओढली. दोरीवरचं माझं धुतलेलं उपरणं घेतलं.

"आण हात."

"काय करताय?"

"आण तर. एक बोट धरलं की तुझ्या सरांचा ठळक. दोन धरली की तुझा पुसट. नको असंल ते आलं की हात काढून घे. त्वांड बंद ठेव. मलाच कळंल काय ते."

ती हसली, त्या दिवशी पहिल्यांदा. उजवा हात पुढं केला. मी उपरणं टाकलं. माझा अंगठा ठणकत होता, म्हणून तो मी उपरण्याच्या बाहेर, वर ठेवला आणि फक्त चार बोटांनी तिचा हात धरला. डावा हात खुर्चीच्या दांडीवर होता. हे सगळं मुद्दाम सांगतोय, कारण पुढं सगळं याच्यावरच आहे.

मी तिचं एक बोट धरलं. तिचा हात तसाच राहिला. निवांत, थंड. ना ओढ, ना जोर. काही नाही. मेथीच्या जुडीसारखा.

मग दोन बोटं धरली. आणि लगेच जाणवलं. ती बोटं कडक झाली, मनगट मागं ओढलं गेलं. असा हात मी शेकडो वेळा धरलाय. ज्याला जनावर मनापासून हवं असतं पण छाती होत नाही, त्याचा हात असाच मागं जातो. ती हात काढणार होती. मी थांबवलं नाही. खरं तर मला बरंच वाटत होतं. काढू दे, ठळक घेऊ दे, काम पुरं होऊ दे.

आणि तिचा हात मधेच थांबला.

उपरण्याखाली वजन वाढलं, एवढंच मी सांगू शकतो. बाजारात दोघांच्या हातात तिसऱ्यानं हात घातला की न बघता कळतं. कपडा जरा ताणतो, ऊब बदलते. तसं झालं. माझ्या बोटांच्या मागच्या बाजूला काहीतरी टेकलं. भीती वाटली नाही. उलट असं वाटलं, की... की हे ओळखीचं आहे, आणि मी बाजारात उभा आहे.

"आण्णा," पल्लवी म्हणाली, "अंगठा कशाला दाबताय? पट्टी सुटेल."

मी बोट हलवलं नव्हतं.

"परत दाबला बघा. तळहातावर. मधोमध."

सुमननं परातीतून मान वर केली. माझ्याकडं बघितलं, उपरण्याकडं बघितलं. "अगं, त्यांचा अंगठा तर भाईर हाय," ती म्हणाली.

आम्ही तिघांनीही बघितलं. पांढरी पट्टी बांधलेला माझा अंगठा उपरण्याच्या वर उभा होता.

पल्लवीनं हात काढला नाही. मला आजही तिचं कौतुक वाटतं ते याचं. घाबरून ओरडली असती, हात झटकला असता तर मी समजू शकलो असतो. तिनं डोळे बारीक केले, पडद्यावरच्या ठिपक्यांकडं बघताना करते तसे, आणि हळू म्हणाली, "आखूड आहे. नख नाहीये. टोक खरखरीत आहे."

मुलीनं आप्पांना कधी जवळून बघितलेलं नाही. मी बघूच दिलं नव्हतं. आमच्या घरात त्यांचं नाव घेतलेलं मला चालत नसे. अंगठा अर्धा होता हे तिनं कुठं ऐकलं असेल, मी नाकारत नाही. बाजारातली माणसं घरी येतात, बोलतात. पण खूण? एकदा, मग थांबून परत एकदा, तळहाताच्या मधोमध?

"हे काय आहे, आण्णा?" तिनं विचारलं. "याचा काही अर्थ असतो का?"

इथं मला खोटं बोलता आलं असतं. सोपं होतं. म्हणायचं, अर्थ असा की सोडून दे, नको घेऊस. तिनं ऐकलं असतं, ठळक तारा घेतला असता, आणि माझ्या मनासारखं झालं असतं. आयुष्यभर तोंडानं मी कमी खोटं बोललेलो नाही. पण हात अजून उपरण्याखाली होते. तिथं नाही जमलं.

"सोडू नगं," मी म्हटलं. "अजून हाय त्यात. असा अर्थ हाय."

तिनं मान हलवली. वजन गेलं. केव्हा गेलं ते कळलं नाही. पाहुणा उठून गेल्यावर खाटेची दोरी सैल होते तसं काहीसं. मी उपरणं उचललं. खाली तिचा हात, माझा हात. बाकी काही नाही.

सुमन कुरडया टाकून देवापुढं दिवा लावायला गेली. दुपारीच. पल्लवी उठली, हात धुतले, जेवली, आणि मग अर्ज लिहायला बसली. पुसट ताऱ्याचा. वायफायला रेंज नव्हती म्हणून माझ्या फोनवरून पाठवला.

मी सहजासहजी सोडणारा नाही. दुसऱ्या दिवशी तिला परत समोर बसवलं. उपरणं तेच, खुर्ची तीच. चारी बोटं एकेक करून वाकवली, सांध्यानं तिच्या तळहातावर दाबून बघितलं. प्रत्येक वेळी ती म्हणायची, "हे तुमचं बोट आहे, आण्णा. तो तसा नव्हता." टाके काढताना मी डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले नसा आखडतात, कधी कधी भास होतो. मी म्हटलं, नसा माझ्या आखडल्या आणि भास तिला झाला? त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

पल्लवीला विचारलं तर ती त्यांच्या लोकांसारखं बोलली. "एकच निरीक्षण आहे, आण्णा. एका निरीक्षणावरून काही म्हणता येत नाही. मला जाणवलं हे खरं. काय होतं ते मला माहीत नाही." मला हे उत्तर आवडलं नाही, पण याच्यावर घासाघीस करायला जागाही सापडली नाही.

पुढं पल्लवीच्या अर्जाला वेळ मिळाला. दुर्बिणीनं तिकडं बघितलं, मग बरेच दिवस पल्लवी तपासत बसली. फोन केला तर "अजून नाही" म्हणायची. आवाजावरून मला कळायचं, तिची झोप उडाली आहे. माझीही उडाली होती. मी सांगितलेल्या अर्थावर तिनं वर्ष लावलं होतं. काही निघालं नसतं तर मी कुणाला जाब विचारणार होतो? मेलेल्या माणसाला?

तिचा फोन आला तेव्हा मी भांडगावात होतो, आणि नेमका भाऊनानांच्या गोठ्यात. त्यांच्या मुलाला गाभण गाय हवी होती, धंद्यात राग आडवा येऊ देत नाही मी. फोन कानाला लावला.

"आण्णा, आहे."

"काय हाय?"

"तो आहे तिथं. आधीपेक्षा थोडा ठळक. सरांनी स्वतः तपासलं, परत तपासलं. ते म्हणाले, योगायोग नाही. आता लिहायला घे." मग तिला बोलता येईना. मला वाटलं हसतेय, पण रडत होती.

मी फोन खिशात ठेवला. समोर भिंतीवर खुंटीला त्या जोडीचे गोंडे लटकत होते, रंग उडालेले. बैल कधीच गेले. खाली खाटेवर भाऊनाना बसले होते. आता ऐंशीच्या घरातले, कानाला मशीन. मी इतक्या वर्षांत त्यांना जे विचारलं नव्हतं ते विचारलं.

"नाना, ही जोडी घेतली तवा आप्पांनी तुमच्या तळहातावर अंगठा दाबला व्हता का?"

"अंगठा?" त्यांनी मशीन जरा फिरवलं. "कशाला दाबंल? बोटं धरली, आकडा सांगितला, मी व्हय म्हणलं. लई घाईत व्हता दगडू. हात थरथरत व्हता त्याचा." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तू अजून त्येच धरून बसलाय व्हय रं?"

"व्हय," मी म्हटलं. "गाय घेताय का न्हाई?"

घेतली. मी सांगितला त्याच भावाला घेतली.

घरी आल्यावर सुमनला सगळं सांगितलं. खूणही सांगितली, आता लपवून काय करायचं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "मग तोच अंगठा आसंल. तुम्हाला द्यायचा ऱ्हायलेला. त्या ताऱ्याच्या उजेडासारखा, उशिरा पोचला."

"उशिरा?" माझं डोकं परत तापलं. "कवठे येमाई ते न्हावरे! शिरूरला गाडी बदलली तरी एसटीनं अर्ध्या दिसात माणूस पोचतो. आन् पोचायचं तर माझ्या हातात पोचायचं, पोरीच्या कशाला?"

"तुमचा हात कुठं व्हता तिथं?" ती म्हणाली. "तुम्ही तर त्या बाजारातच काढलेला."

मी उपरणं खांद्यावर टाकलं आणि बाहेर जाऊन बसलो.

पल्लवीच्या ताऱ्याला दुसरं निरीक्षण मिळालं. उपरण्याखालच्या त्या अंगठ्याला मिळालं नाही. आप्पांनी त्या दिवशी मला खूण का दिली नाही, हे मला कळलेलं नाही. त्यांचा हात का थरथरत होता, तेही नाही. ज्याच्या पिंडाला कावळा लगेच शिवला, तो माणूस माझ्या घरात, माझ्या उपरण्याखाली, त्याच्याशी कधी न बोललेल्या माझ्या पोरीच्या हातात कशाला आला, हे मला कुणी समजावून सांगितलं तर मी ऐकून घेईन. फुकट नको, चहा पाजीन.

आप्पांवरचा राग गेला का, तर नाही. राग आहे. पण आता बाजारात कुणी उपरणं टाकलं आणि भाव अडला, तर मी हात लगेच काढत नाही. समोरच्याला वाटतं, हा भावाला अडून बसलाय. बसलेला असतोच. पण तळहात जरा सैल ठेवतो, मधोमध जागा राहील असा... आणि थांबतो.